कानाच्या पाळीवरील क्षय : एक बोधप्रद रुग्णवृत्त

अहवाल वर्षात आमच्या त्वचारोग विभागात आलेल्या एका भगिनीचे वृत्त, तिची ओळख प्रकट न करता, आम्ही येथे सादर करीत आहोत.

चाळिशीतील या शेतमजूर भगिनीच्या डाव्या कानाची पाळी चार वर्षांपासून हळूहळू लाल व जाड होत गेली होती. वेदना, ताप, खोकला यांपैकी काहीच नव्हते. प्रारंभी गजकर्ण समजून मलमे लावली गेली. पुढे, कुष्ठरोगात कानाच्या पाळ्या जाड होतात, हे कुणीतरी घरी सांगितले आणि तिचे ताट व अंथरूण वेगळे झाले.

आमच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा पाळीची संवेदना शाबूत होती, नसा जाड नव्हत्या व कुष्ठजंतू आढळले नाहीत. मात्र पाळीचा लहानसा तुकडा काढून तपासला असता क्षयरोगात दिसणाऱ्या पेशींच्या गाठी आढळल्या. छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष होते. निदान झाले ‘ल्युपस व्हल्गॅरिस’, म्हणजे त्वचेचा क्षय.

क्षय म्हटला की फुप्फुसेच डोळ्यांपुढे येतात. त्वचेचा क्षय विरळाच. याच विकारावरील प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कमधील डॉ. नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात तो बहुधा नितंब व पायांवर आढळतो, कानाच्या पाळीवर क्वचित. यात जंतू अत्यल्प असल्याने निदान चुकण्याचा संभव अधिक. उपचाराविना तो वर्षानुवर्षे पसरत राहतो. जुन्या व्रणात क्वचित कर्करोगही उद्भवतो.

शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळणारी औषधे तिने सहा महिने नियमित घेतली : पहिले दोन महिने चार, नंतर चार महिने तीन. पाळीवर आता केवळ पुसटसा व्रण उरला आहे. शेवटच्या तपासणीस सासूबाई सोबत आल्या होत्या. दोघी आमच्या ओसरीवर एकाच डब्यातून जेवल्या.

या वृत्ताचा बोध दुहेरी आहे. दीर्घकाळ न हटणारा डाग, वेदनारहित असला तरी, तज्ज्ञांस दाखवावा. आणि तिला कुष्ठरोग असता, तरी ताट वेगळे करण्याचे कारण नव्हते. तोही औषधांनी पूर्ण बरा होतो.

त्या तुकड्याच्या तपासणीचा खर्च रुग्णसाहाय्य निधीतून झाला. जमाखर्चात ती रक्कम अगदी लहान दिसते. परंतु त्या रकमेने एका घरातील पंगत पुन्हा एक झाली, हे दात्यांस कळविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.