माहिती फुटल्यानंतर फोनवरील ठकांपासून घ्यावयाची दक्षता

शेतकऱ्यास फोनवरून गांठणारा ठक पुष्कळदां धमकीनें नव्हे, ओळखीनें आरंभ करतो. आपलें नांव, गांव, गटनंबर, सोसायटीचें कर्ज तो बिनचूक सांगतो. आणि ऐकणारा समजतो कीं, इतकें ठाऊक असलेला मनुष्य कचेरींतलाच असला पाहिजे. या एका समजुतीवर त्याचा धंदा चालतो. म्हणून ही माहिती त्यास कशी मिळते, तें आधीं पाहूं.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या वेळीं सातबाऱ्यासाठीं तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. आतां राज्य सरकारच्या भूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गांव निवडून कोणासही तो पाहतां येतो. खातेदाराचें नांव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ या रकान्यांतील बोजासुद्धां. सोय उत्तम आहे, तिच्याविरुद्ध आमचें म्हणणें नाहीं. परंतु बोजा ठाऊक आहे म्हणून बोलणारा बँकेचा साहेब ठरत नाहीं. भूसंपादनाचेंही तसेंच. बुलेट ट्रेन व मुंबई-बडोदें महामार्ग हे दोन्ही डहाणू-तलासरींतून जातात. अशा कामांसाठीं घेतलेल्या जमिनींचे गटनंबर जाहीर अधिसूचनेंत छापून येतात. तेव्हां “आपला अमुक गटाचा मोबदला अडकला आहे, आधीं फी भरा” असें कोणी म्हणाल्यास गटनंबर खरा असूनही मागणी खोटी असूं शकते.

जी माहिती झांकलेली असावयास हवी, तीही फुटते. सन २०२२ मध्यें पी. एम. किसान योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागांतून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसत असल्याचें एका सुरक्षा-संशोधकानें उघडकीस आणलें. पुढें तो दोष दूर करण्यांत आला. पण बँकेचें खातें बदलतां येतें, आधार क्रमांक जन्माचा असतो.

याच योजनेच्या नांवानें व्हॉट्सअॅपवर ‘ए. पी. के.’ जातीची फाईल येते. ई-केवायसी न केल्यास २,००० रुपयांचा हप्ता थांबेल, असें भय सोबत असतें. ती फाईल उघडून ॲप बसविलें कीं मोबाईलवर येणारे ओ. टी. पी. परस्पर ठकाकडे जाऊं लागतात. सरकार अशा रीतीनें ॲप पाठवीत नाहीं. केवायसी योजनेच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या सेवा केंद्रांत जाऊन करावी. दुसरें असें कीं, पैसे खात्यांत येण्यास पिन लागत नाहीं; तो लागतो जाण्यास. शंका येतांच फोन ठेवून पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. पडद्यावर दिसणाऱ्या नांवावर भिस्त ठेवूं नये, तें बनावट करतां येतें.

अंगठ्याविषयीं मात्र विशेष सांगणें अवश्य आहे. खेड्यांत आधार क्रमांक व अंगठा देऊन पैसे काढण्याची सोय आहे, तींत ओ. टी. पी. लागत नाहीं. आंध्र प्रदेशांत संकेतस्थळावरील नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलून, त्यांच्या नकला करून खात्यांतून पैसे काढणारी टोळी २०२२ सालीं पोलिसांनीं पकडली. खरेदीखतें करणाऱ्या जमीनदारास हें प्रकरण परकें नाहीं. उपाय सोपा आहे: आधारच्या संकेतस्थळावर वा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करावें व अंगठा लावावयाचा असेल तेवढ्यापुरतें उघडावें. झेरॉक्स द्यावयाची तर शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत चालते कीं नाहीं, तें आधीं विचारावें.

इतकें करूनही पैसे गेलेच, तर शरमेनें घरीं बसूं नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघण्यापूर्वीं ती गोठवितां येते, म्हणून येथें घटकाभराचा विलंबही महाग पडतो. त्याच दिवशीं बँकेस लेखी तक्रार देऊन पोंच घ्यावी. खातेदाराचा दोष नसतां, बाहेरच्या कोणी केलेल्या अफरातफरीची खबर तीन कामाच्या दिवसांत दिल्यास त्याजवर बोजा पडूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं ठरविलें. ही मुदत पोंच नसल्यास सिद्ध करणें कठीण जातें.

ज्यांच्या खात्यास मुंबईस अगर वापीस असलेल्या मुलाचा नंबर जोडलेला आहे, त्यांनीं तो नंबर चालू आहे कीं नाहीं हें याच महिन्यांत बँकेत जाऊन पाहावें. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्यास देते, आणि मग आपल्या खात्याचे निरोप त्याच्या घरीं वाजतात.