आकाशातून दिसणारे पाणी : इयत्ता सातवीसाठी भूगोल-गणिताचा संयुक्त पाठ

उपग्रहाच्या चित्रावरून आपल्या गावचे जलसाठे ओळखणे, त्यांचा विस्तार मोजणे व त्या मापाची मर्यादा समजणे, हा या पाठाचा हेतू होय.

पाणी कसे ओळखावे ? सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण डोळ्यास दिसत नाहीत. पाणी ते शोषून घेते. हिरवी पाने ते परत फेकतात. म्हणून या किरणांनी टिपलेल्या चित्रात तळे काळे दिसते व रावेर-यावलकडील केळीच्या बागा उजळ दिसतात. मात्र काळे ते सर्व पाणी नव्हे. सातपुड्याच्या कड्यांची सावली व नुकतीच भिजलेली काळी जमीनही तशीच भासते. उलट, जलपर्णीने झाकलेले तळे शेतासारखे दिसते.

विस्तार कसा मोजावा ? 2015 साली सोडलेल्या युरोपीय ‘सेंटिनेल-2’ या उपग्रहाच्या चित्रातील एक चौकट जमिनीवर 10 मीटर लांब व तितकीच रुंद असते. म्हणजे सातबाऱ्यावरील बरोबर एक आर. शंभर चौकटींचा एक हेक्टर. पावसाळ्यात ढग आड येतात; यास्तव नोव्हेंबर व मे महिन्यांची चित्रे घ्यावीत. समजा, एका तळ्याच्या चौकटी नोव्हेंबरात 240 व मे महिन्यात 90 भरल्या, तर विस्तार 1 हेक्टर 50 आर घटला. पांझरेवरील फड पद्धतीच्या बंधाऱ्यामागील अरुंद पाणी मात्र अशा चौकटीत काठाच्या जमिनीशी मिसळून जाते. ते मुलांनी नकाशावर हाताने भरावे.

खोलीचे काय ? पाठाचे मर्म येथे आहे. वरील 240 चौकटी म्हणजे 24,000 चौरस मीटर. सरासरी खोली 2 मीटर असता पाणी 48,000 घनमीटर होईल. गाळ साचून खोली 1 मीटर उरली, तर केवळ 24,000. आकाशातील चित्र दोन्ही वेळी एकच ! तापी-पूर्णा संगमाच्या खाली बांधलेल्या हतनूर धरणात पूर्णेच्या खोऱ्यातील गाळ साचत आला आहे, हे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील मुलांस जवळचे वाटेल. केवळ विस्तार पाहून उन्हाळ्याची तरतूद करणाऱ्या गावास वैशाखात टँकरची वाट पाहावी लागेल.

कृती : गावातील जाणत्या व पोहणाऱ्या माणसाकडून खुणा केलेल्या बांबूने पाच ठिकाणी खोली मोजून घ्यावी. मुलांनी काठावर राहून नोंद करावी; त्यांस पाण्यात मुळीच उतरू देऊ नये. पाच मापांची सरासरी काढून तीस विस्ताराने गुणावे. येणारे उत्तर स्थूल असले, तरी उपयोगी पडते.

तयार झालेल्या नकाशावर चित्राची व मोजणीची तारीख अवश्य लिहावी आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजणी करावी, म्हणजे तळ्यात गाळ किती वाढला याचा अंदाज मुलांस स्वतःच बांधता येईल.