चार भिंतींआडचा गुन्हा आणि पुराव्याची साखळी
(तपास अधिकारी, सहायक सरकारी अभियोक्ते, कार्यकारी दंडाधिकारी व समाजकल्याण कार्यकर्ते यांच्यासाठी अभ्यासपाठ)

१. विषयाची व्याप्ती

रस्त्यावर, शेतात अथवा बाजारात घडलेल्या खुनास बहुधा कोणीतरी साक्षीदार असतो. घरात, रात्रीच्या वेळी, पती-पत्नीच्या खोलीत अथवा स्वयंपाकघरात घडलेल्या खुनास तसा साक्षीदार क्वचितच मिळतो. घरात जे असतात ते बहुधा आरोपी तरी असतात किंवा आरोपीचे रक्ताचे नातेवाईक तरी. शेजाऱ्यांनी भांडणाचा आवाज ऐकलेला असतो. परंतु उद्या त्याच आळीत राहावयाचे असल्याने ते बोलण्यास कचरतात. माहेरच्या माणसांना जे ठाऊक असते ते मुलीच्या तोंडून अथवा पत्रांतून कळलेले असते आणि ती मुलगी तर आता हयात नसते.

अशा मृत्यूंच्या मुळाशी पाहिले असता वारंवार दोन गोष्टी एकत्र आढळतात: मोडकळीस आलेला संसार आणि पैशाची ओढाताण. कर्ज, नापिकी, नवे अवजार घेण्याची इच्छा, धंद्यातील खोट, अशा कारणांनी घरात पैशाची निकड उत्पन्न होते आणि ती भागविण्याचा सोपा मार्ग म्हणून सुनेच्या माहेराकडे बोट दाखविले जाते. माहेरचे हात आखडले की छळास आरंभ होतो. त्याचा शेवट कधी आत्महत्येत, तर कधी खुनात होतो.

प्रस्तुत पाठात महाराष्ट्रातील दोन खटल्यांचा विचार केला आहे. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकात पती निर्दोष सुटला, दुसऱ्यात त्याची दोषसिद्धी कायम झाली. खटले महाराष्ट्रातील असले तरी संविधानाच्या अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असल्याने गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे अथवा हैदराबाद येथील वाचकांनाही तो तितकाच लागू आहे. उभय पक्षांच्या कुटुंबीयांचा विचार करून व्यक्तींची नावे येथे हेतुतः दिलेली नाहीत.

२. पुण्याचा खटला

फेब्रुवारी १९८२ मध्ये विवाह झालेली एक तरुणी त्याच वर्षी ११ व १२ जून यांच्या मधील रात्री पुण्यातील आपल्या पतीच्या घरी मृत्यू पावली. मृत्यू पोटॅशियम सायनाइड या विषाने झाल्याचे निष्पन्न झाले. तिने बहिणीला व एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिच्या मनाची व्यथा आणि संसारातील दुरावा स्पष्ट दिसत होता. सत्र न्यायालयाने पतीस फाशीची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. तथापि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीची निर्दोष मुक्तता केली.

कारण असे की, ज्या पत्रांवर सरकारपक्षाची भिस्त होती त्याच पत्रांतून तिची अतिशय खिन्न मनःस्थितीही दिसून येत होती. तिला विष देण्यात आले की तिने ते स्वतः घेतले, या दोन शक्यतांपैकी दुसरी पूर्णपणे नाकारता येईल असा पुरावा नव्हता. पतीच्या ताब्यात ते विष होते, हेही शाबीत झाले नव्हते. प्रमुख निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती फजल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या मांडल्या. त्या 'पंचशील' म्हणून विधिक्षेत्रात प्रसिद्ध आहेत. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे:

(अ) ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढावयाचा, ती प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झालेली असावी. 'शाबीत झाली असू शकेल' एवढे पुरेसे नाही.
(आ) शाबीत गोष्टींचा मेळ केवळ आरोपीच्या अपराधाशीच बसावा.
(इ) त्या परिस्थितीचे स्वरूप निर्णायक असावे.
(ई) अपराधाखेरीज अन्य प्रत्येक संभाव्य उपपत्ती तिने दूर सारावी.
(उ) पुराव्याची साखळी इतकी अखंड असावी की, आरोपीच्या निर्दोषत्वाशी सुसंगत असा निष्कर्ष काढण्यास वाजवी आधारच राहू नये.

याच निर्णयात आणखी एक सूत्र आहे आणि ते तपास अधिकाऱ्याने विसरू नये. आरोपीचा खोटा बचाव हा साखळीतील जादा दुवा होऊ शकतो. पण तो साखळी मुळात पूर्ण असेल तेव्हाच. तुटलेली साखळी केवळ आरोपीच्या खोटेपणाने जोडता येत नाही.

३. नांदेडचा खटला

दुसरा खटला नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यातील आहे. विवाहास सुमारे सात वर्षे झाली होती. ट्रॅक्टर घेण्यासाठी माहेरहून २५,००० रुपये आणावेत म्हणून सुनेचा छळ होत असल्याचा आरोप होता. ४ नोव्हेंबर १९९६ रोजी ती सासरी मृत्यू पावली. माहेरी निरोप गेला तो असा की, तिला सर्पदंश झाला. शवविच्छेदनात मात्र मृत्यू गळा दाबल्याने, श्वास कोंडून झाल्याचे आढळले.

११ ऑक्टोबर २००६ रोजी न्यायमूर्ती जी. पी. माथुर व न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले. निर्णयाचा गाभा असा की, घराच्या एकांतात, स्वतःच्या सोयीची वेळ व परिस्थिती निवडून केलेल्या गुन्ह्यात सरकारपक्षाकडून जो पुरावा मिळणे जवळजवळ अशक्य आहे, त्याची अपेक्षा कायदा करीत नाही. शाबितीचा आरंभीचा भार सरकारपक्षावरच राहतो. पण तो अशा प्रकरणी तुलनेने हलका असतो. तो पार पडल्यावर घरातील माणसांवर मृत्यूचा समाधानकारक खुलासा देण्याचा भार येतो. काहीही न बोलता स्वस्थ बसून त्यांना मोकळे होता येत नाही.

या तत्त्वाचा आधार म्हणजे १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम १०६, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आले आहे. एखादी गोष्ट विशेषतः एखाद्या व्यक्तीच्याच माहितीतील असेल, तर ती शाबीत करण्याचा भार त्या व्यक्तीवर असतो, असे ते कलम सांगते.

४. दोन निर्णयांत विरोध आहे काय?

वरवर पाहता १९८४ चा निर्णय आरोपीच्या बाजूचा व २००६ चा निर्णय सरकारपक्षाच्या बाजूचा वाटतो. हा समज बरोबर नाही. १९५६ सालीच, अजमेर येथील प्रवासभत्त्यासंबंधीच्या एका खटल्यात, न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्पष्ट केले होते की, कलम १०६ हे सरकारपक्षाला त्याच्या मूळ कर्तव्यातून मुक्त करण्यासाठी नाही. ते अपवादात्मक प्रकरणांसाठी आहे. नांदेडच्या खटल्यातही न्यायालयाने आधी वैद्यकीय पुरावा पाहिला, छळाचा व पैशाच्या मागणीचा पुरावा पाहिला, मृत्यू सासरच्या घरात झाल्याचे पाहिले, आणि मग सर्पदंशाचा खुलासा खोटा ठरल्याचे ध्यानी घेतले. क्रम महत्त्वाचा आहे.

दोन खटल्यांतील खरा भेद मृत्यूच्या स्वरूपात आहे. विष माणूस स्वतः घेऊ शकतो. स्वतःचा गळा हातांनी दाबून कोणी मरत नाही. पुण्यात आत्महत्येची वाट उघडी राहिली, नांदेडात शवविच्छेदनाने ती बंद केली. म्हणून आपल्यासमोर आलेल्या प्रकरणात पहिला प्रश्न 'कोणी केले' हा नसून 'मृत्यू कसा झाला' हा असावा.

५. गृहीतके कोठे लागू होतात

येथे पुष्कळदा गोंधळ होतो. पूर्वीचे कलम ४९८-अ (क्रूरता) १९८३ च्या दुरुस्तीने आणि कलम ३०४-ब (हुंडाबळी) १९८६ च्या दुरुस्तीने दंड संहितेत आले. आता ती भारतीय न्याय संहितेची अनुक्रमे कलमे ८५-८६ व ८० होत. विवाहापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या निकटपूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखविले, तर हुंडाबळीचे गृहीतक न्यायालयाने धरलेच पाहिजे (साक्ष्य अधिनियम, कलम ११८). सात वर्षांच्या आतील आत्महत्येच्या प्रकरणी, क्रूरता शाबीत झाल्यास, प्रवृत्त केल्याचे गृहीतक न्यायालय धरू शकते (कलम ११७). 'धरलेच पाहिजे' व 'धरू शकते' यांतील अंतर लक्षात ठेवावे. खुनाच्या आरोपास, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १०३ ला, यांपैकी कोणतेही गृहीतक लागत नाही. तेथे पुराव्याची साखळीच उभी करावी लागते.

पैशाची मागणी 'हुंडा' ठरते काय, हा आणखी एक प्रश्न. २००७ च्या एका निर्णयात घरखर्च व खतासाठी मागितलेली रक्कम हुंडा नव्हे असे म्हटले गेले होते. २०१५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत चुकीचे ठरविले. २०२२ मध्ये घर बांधण्यासाठी केलेली मागणीही हुंड्यात मोडते असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सबब, 'ही तर केवळ उसनवारी होती' एवढ्या म्हणण्यावर तपास थांबवू नये.

६. पहिल्या चोवीस तासांतील कर्तव्ये

न्यायालयात जी साखळी तपासली जाते तिचे बहुतेक दुवे पहिल्याच दिवशी मिळतात अथवा गमावले जातात.

(१) पहिला खुलासा. घरातील प्रत्येक व्यक्तीने मृत्यूचे कारण काय सांगितले, कोणास व किती वाजता, हे शब्दशः नोंदवावे. नांदेडच्या खटल्यातील 'सर्पदंश' हा शब्द माहेरी गेलेल्या निरोपात होता, म्हणूनच पुढे तो वैद्यकीय पुराव्याशी ताडून पाहता आला.

(२) शवविच्छेदन. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये, विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा मृत्यू संशयास्पद परिस्थितीत झाला असेल, तिने आत्महत्या केली असेल अथवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली असेल, तर विहित अपवाद वगळता मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवावा. सात वर्षे उलटली असली तरी मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तेथेही हेच करावे. अंत्यविधीची घाई चालू असेल तर नम्रतेने परंतु ठामपणे ती थांबवावी.

(३) शरीरावरील खुणा. गळफासाचा वळ साधारणतः तिरपा, गळ्याच्या वरच्या भागात व अपुरा असतो. दोरीने आवळल्याचा वळ बहुधा आडवा, खालच्या बाजूस व गळ्याभोवती पूर्ण असतो. हे सामान्य नियम होत; अंतिम मत वैद्यकीय अधिकाऱ्याचेच. सर्पदंशाच्या बाबतीत मण्यारीचा दंश पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून खूण नाही एवढ्यावरून खुनाचा निष्कर्ष काढू नये आणि खुलासा ऐकून समाधानही मानू नये.

(४) पत्रे व संदेश. मृत्यूच्या कारणाविषयी अथवा मृत्यूस कारणीभूत घटनाक्रमाविषयी मृत व्यक्तीने केलेली विधाने कलम २६ अन्वये (पूर्वीचे कलम ३२) ग्राह्य आहेत. मूळ पत्र, पाकीट व टपाल शिक्का जपावा, हस्ताक्षराचे नमुने मिळवावेत. भ्रमणध्वनीवरील संदेशांसाठी कलम ६३ चे प्रमाणपत्र घ्यावे. पुण्याच्या खटल्याचा धडा असा की, पत्र संपूर्ण वाचावे. त्यातील सोयीचे तेवढे वाक्य उचलू नये.

(५) पैशाचा माग. बँकेचे पासबुक, सहकारी सोसायटीचे कर्जखाते, सावकाराची चिठ्ठी, वाहन अथवा अवजार विक्रेत्याकडील कोटेशन, माहेरहून गेलेल्या रकमांच्या नोंदी, हे कागद हेतूविषयी बोलतात आणि साक्षीदारांप्रमाणे फितूर होत नाहीत.

(६) उपस्थिती. त्या वेळी घरात कोण होते, दार आतून बंद होते काय, बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश शक्य होता काय, हे पंचनाम्यात यावे. कलम १०९ चा भार आरोपीवर टाकण्यापूर्वी सरकारपक्षाने घालावयाचा हा पाया होय.

७. समारोप

आपल्या समाजात 'घरचे भांडण घरातच मिटावे' असे म्हणण्याची रीत आहे. भांडणापुरती ती ठीक असेल. परंतु पैशासाठी सुनेला वारंवार माहेरी धाडले जात असेल, ती परत येण्यास भीत असेल, तिने कोणास काही लिहिले असेल, तर ती गोष्ट घरची राहिलेली नसते. पोलीस पाटील, ग्रामसेवक, शिक्षिका, आरोग्यसेविका यांच्या कानी आलेली तक्रार वेळीच नोंदली गेली तर एक जीव वाचू शकतो. तो न वाचला, तर तीच नोंद न्यायालयात त्या मुलीच्या वतीने बोलते.

निरपराध माणूस शिक्षेतून वाचावा आणि अपराधी सुटू नये, ही दोन्ही न्यायाचीच कर्तव्ये आहेत. चार भिंतींआडच्या गुन्ह्यात ती दोन्ही पार पडणे हे पहिल्या दिवशीच्या प्रामाणिक, पूर्ण व पूर्वग्रहरहित नोंदीवर अवलंबून असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पुण्याच्या खटल्यात मृत्यू गळा दाबल्याने झाला असता तर 'पंचशीला'तील कोणत्या कसोटीचे उत्तर बदलले असते?
२. आरोपीचा खोटा खुलासा साखळीतील दुवा केव्हा ठरतो व केव्हा ठरत नाही?
३. विवाहास नऊ वर्षे झालेल्या स्त्रीचा सासरी संशयास्पद मृत्यू झाला. कोणती गृहीतके उपलब्ध नाहीत? तपासाची दिशा कशी ठेवाल?
४. आपल्या कार्यक्षेत्रातील अकस्मात मृत्यूचे एक जुने प्रकरण घ्या व कलम सहामधील सहा मुद्द्यांपैकी किती मुद्द्यांची नोंद त्यात आढळते ते तपासा.