चार बोटं पाणी

मे महिन्यातल्या एका पहाटे स्वयंपाकघरातली तोटी फिरवली, तर नळानं नुसता सूं आवाज काढला. गच्चीवरची हजार लिटरची टाकी कोरडी पडली होती. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड यायचे, आणि टाकी भरून अजून दोन दिवसही झाले नव्हते. घरात माणसं पाच. पाणी पुरत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो.

चूक झाली ती इथं. पाणी कुठं जातं हे आम्ही पाहिलं नाही, ते आणायचं कुठून एवढंच पाहिलं. आधी टँकर मागवला. मग पाचशे लिटरची दुसरी टाकी बसवली. त्यानंतर साठवलेले पैसे घालून बोअर घेतली. आपल्याकडच्या काळ्या दगडात पाणी असतं ते भेगांपुरतं. बोअरला पाणी लागलं, पण पुढच्या उन्हाळ्यात ती आटली. आम्ही पुन्हा टँकरवर आलो.

पुढं गीझर दुरुस्त करायला प्लंबर आला. काम करता करता तो थांबला, संडासात डोकावून म्हणाला, "बाई, तुमचा फ्लश चालूच आहे." मी म्हटलं, "नाही रे भाऊ, कोणी दाबलाच नाही." त्यानं फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला. पंधरा मिनिटांत खालच्या भांड्यात लाल ओघळ उतरला. आतला रबरी वायसर झिजला होता आणि काचेसारखा पातळ पदर अखंड वाहत होता. त्याला ना थेंबाचा आवाज, ना फरशीवर ओल.

वायसर बदलण्याआधी मला ती गळती मोजायची होती. रात्री दहाला गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून खूण केली. सकाळी पाचला, कोणी उठायच्या आत, पुन्हा पाहिलं. पाणी चार बोटं उतरलं होतं. टाकीचा घेर धरून हिशेब केला, तर सात तासांत सुमारे पासष्ट लिटर निघाले. दिवसाचे सव्वादोनशेच्या आसपास.

तो आकडा वहीत लिहिताना माझा हात थांबला. निवृत्त होण्याआधी मी बारा वर्षं सातपुड्यातल्या धडगाव भागात आश्रमशाळेत शिकवलं. तिथं पाऊस चांगला पडतो, पण उतारावरून तो नर्मदेकडं आणि तापीकडं धावतो. उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा उकरून बसायच्या. वाटीवाटीनं हंडा भरायच्या आणि तो डोक्यावर घेऊन चढ चढायच्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यात माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं. म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाला २२० लिटर. तेवढं पाणी आमच्या घरात रोज, कोणाच्याही उपयोगी न पडता, गटारात जात होतं.

तो वायसर शंभर रुपयांच्या आत आला. बोअरचे पैसे गेले ते गेलेच. तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगते.

आधी मोजा. रात्री टाकीत खूण करा, पहाटे पाहा. मधे कोणी पाणी वापरलं नसताना पातळी उतरली असेल तर गळती आहेच. फ्लशची परीक्षा रंग टाकून घ्या. ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरची बाटली ठेवा. ती तासाभरात भरली, तर दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला पावणेनऊ हजार लिटर पाणी वाया जातंय. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोटही तपासा. तो अडकला, तर मोटर चालू असेपर्यंत पाणी पन्हाळीतून वाहतं.

मग बदला. जुन्या फ्लशमध्ये एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी जातं. दोन बटणांच्या फ्लशमध्ये लहान बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर. पाच माणसांचे दिवसाला पंचवीस फ्लश आणि त्यांत मोठं बटण माणशी एकदाच धरलं, तर अडीचशे लिटरच्या जागी नव्वद लिटरांत काम भागतं. नवं बसवणं शक्य नसेल, तर पाणी भरलेली बंद बाटली फ्लशच्या टाकीत ठेवा. वीट ठेवू नका, तिचा चुरा वायसरखाली अडकतो. भांडं एका फ्लशमध्ये साफ होत नसेल, तर बाटली काढून घ्या. दोनदा दाबावं लागलं तर बचत कसली?

नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी लावा. धार भरलेली वाटते, पाणी निम्म्याच्या आसपास लागतं. बादली भरायच्या नळाला मात्र ती लावू नका, तिथं फक्त वेळ जातो. दुकानात गेल्यावर आयएस १७६५० विचारा. पाणी वाचवणाऱ्या नळ-फ्लशसाठी भारतीय मानक ब्युरोचं हे २०२१ चं मानक आहे.

कपड्यांचं यंत्र घ्यायचंच झालं तर समोरून दार उघडणारं घ्या. वरून कपडे टाकायच्या यंत्रापेक्षा त्याला बरंच कमी पाणी लागतं. आहे तेच यंत्र असेल, तर ते पूर्ण भरल्याशिवाय लावू नका.

आरओ बसवण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून घ्या. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर क्षार काढण्यासाठी आरओची गरज नाही. जंतूंसाठी उकळणं किंवा साधं शुद्धीकरण यंत्र पुरतं. आरओ असेल, तर त्याचं सोडलेलं पाणी बादलीत धरा आणि फरशीला, संडासाला वापरा. झाडांना रोज घालू नका, त्यातले क्षार मातीत साठतात.

आणखी एक. नळ आले की कालचं पाणी "शिळं" म्हणून ओतून द्यायची आपल्याकडं रीत आहे. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी एका दिवसात शिळं होत नाही. आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करा, म्हणजे डास होणार नाहीत. पण तेव्हा उरलेलं पाणीही धुण्याला वापरा.

आमची दुसरी टाकी आता बहुतेक रिकामी असते. एक टाकी पुरून उरते. काठी अजून गच्चीच्या दाराशी ठेवली आहे, आणि दर शनिवारी रात्री मी ती टाकीत बुडवते. घरात पाणी कमी पडू लागलं, तर टँकरला फोन करण्याआधी एकदा गच्चीवर जा.