हरितगृहाचे आच्छादन आणि पिकाला मिळणारा प्रकाश

हरितगृह म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो लोखंडी पाइपांचा सांगाडा. परंतु पिकाच्या दृष्टीने खरे महत्त्व सांगाड्याला नसून त्यावरील आच्छादनाला आहे. बाहेरच्या प्रकाशापैकी किती प्रकाश आत जाईल आणि तो कोणकोणत्या पानांपर्यंत पोहोचेल, हे आच्छादनच ठरविते. जोयड्यासारख्या अतिपावसाच्या तालुक्यात मिरीच्या रोपवाटिका व भाजीपाला छपराखाली घेऊ इच्छिणाऱ्यांनी हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

सूर्यप्रकाशातील सर्वच किरण वनस्पतीच्या उपयोगी पडत नाहीत. प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण लागतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेचा सुमारे निम्मा भाग यात येतो. हरितद्रव्य त्यांतील निळे व तांबडे किरण विशेष शोषून घेते. म्हणून चांगले आच्छादन म्हणजे नुसते स्वच्छ दिसणारे नव्हे, तर या पट्ट्यातील किरणांना जास्तीत जास्त वाट देणारे.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दोन पृष्ठभागांचे ८ टक्के आणि थोडे शोषण वजा जाता जवळजवळ ९० टक्के प्रकाश आत येतो. आपल्याकडे रूढ असलेला २०० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिन कागद नवा असताना यापेक्षा फारसा मागे नसतो. अतिनील किरणांनी तो लवकर फाटू नये म्हणून त्यात रक्षक द्रव्ये मिसळतात. तरीही साधारण तीन वर्षांनी तो बदलावा लागतो. दुपदरी पॉलिकार्बोनेट टिकाऊ खरे, पण पदर वाढले की प्रकाश घटतो.

येथे एक मेख आहे. कारखान्याने दिलेला आकडा बहुधा काटकोनात पडणाऱ्या किरणांचा असतो. किरण जितके तिरपे, तितके परावर्तन अधिक. ढगाळ आकाशातून प्रकाश सर्व बाजूंनी येतो, म्हणजे त्याचा बराच भाग तिरपाच असतो. काटकोनात ९० टक्के प्रकाश देणारी काच अशा प्रकाशाला सुमारे ८२ टक्केच वाट देते. पावसाळ्यात हाच आकडा खरा मानावा.

उदाहरणादाखल हिशेब करू. आच्छादनातून ८० टक्के प्रकाश आला; सांगाडा व पन्हळी यांच्या सावलीने त्यातील दहावा भाग गेला; धूळ, शेवाळ व आतून साचलेले दवबिंदू यांनी उरलेल्याचा आणखी दहावा भाग खाल्ला. शिल्लक राहिला ६५ टक्के! बहुतेक पिकांत प्रकाश १ टक्का वाढला तर उत्पन्न अर्धा ते एक टक्का वाढते, असे हॉलंडमधील संशोधकांचे अनुमान आहे. यावरून या गळतीची किंमत ध्यानात यावी.

आता प्रकाशाच्या वाटणीकडे वळू. भर उन्हात वरच्या पानांना गरजेपेक्षा अधिक प्रकाश मिळतो आणि खालची पाने सावलीत उपाशी राहतात. दुधी, प्रकाश विखुरणारे आच्छादन सरळ किरणांची दिशा मोडते. त्यामुळे प्रकाश झाडाच्या पोटात शिरतो आणि वरची पाने करपत नाहीत. काकडी व टोमॅटो या उंच पिकांत, एकूण प्रकाश कमी होऊ न देता तो विखुरला असता, हॉलंडमध्ये उत्पन्न सुमारे ५ ते १० टक्के वाढल्याचे आढळले आहे.

मग जोयड्यात दुधी कागदच घ्यावा काय? उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. मार्च ते मेमधील कडक उन्हात तो निश्चित हितकारक. परंतु जून ते सप्टेंबर कॅसलरॉक-अणशीच्या बाजूला आकाश दिवसचे दिवस झाकलेले असते. तेथे निसर्गानेच प्रकाश आधी विखुरलेला आहे; उणीव आहे ती एकूण प्रकाशाची. अशा वेळी विखुरण्याचा लाभ जवळजवळ शून्य, आणि कागदाची पारगम्यता कमी असल्यास तोटा मात्र पूर्ण. म्हणून पावसाळी पिकासाठी जास्तीत जास्त पारगम्य व थेंब न धरणारा कागद निवडावा. उन्हाळ्यात त्याखाली शेडनेट ओढावे व पाऊस सुरू होताच ते गुंडाळून ठेवावे. छपराला पुरेसा उतार द्यावा, शेवाळ वेळोवेळी धुवावे, आणि जागा निवडताना जंगलाच्या झाडांची सावली टाळावी. पन्हळी दक्षिणोत्तर ठेवल्यास त्यांची सावली दिवसभर सरकत राहते, एकाच ओळीवर ठाण मांडत नाही.

अतिनील किरण अडविणाऱ्या कागदाखाली पांढरी माशी कमी फिरकते; पण वांग्याच्या काही जातींना जांभळा रंग नीट चढत नाही आणि मधमाश्यांचेही काम बिघडू शकते. सारांश, प्रत्येक गुणाला दुसरी बाजू आहे.

विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग करता येईल. उन्हात कागदाच्या तुकड्याखाली हात धरून त्याची सावली पाहावी. रेखीव सावली पडली तर कागद प्रकाश सरळ सोडतो. पुसट पडली तर विखुरतो. लक्समापकाने छपराबाहेर व आत, पिकाच्या शेंड्याशी व बुंध्याशी, एकाच वेळी मोजमाप घ्यावे. निरभ्र व ढगाळ अशा दोन्ही दिवशींचे आकडे शेजारी मांडले, तर कोणत्या शेतकऱ्याला कोणता कागद सुचवावा याचे उत्तर त्या तक्त्यातच मिळेल.