नव्या गाडीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की न घ्यावी?

मुंबई, पुणे आणि गोवा या तिन्ही बाजूंचे रस्ते पनवेलला मिळतात. त्यामुळे येथील व्यापाऱ्याचे गाडीवाचून चालत नाही. शोरूममध्ये रंग, किंमत, हप्ता असे सर्व ठरते आणि अखेरच्या सहीच्या वेळी आणखी एक कागद पुढे सरकतो. "वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून घ्या, शेठ. पाच वर्षे निश्चिंत राहाल." नव्या गाडीच्या आनंदात सही होऊन जाते. दुकानात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आमचे व्यापारी बंधू येथे मात्र पंधरा-वीस हजारांचा कागद न वाचताच घरी आणतात. म्हणून या विषयाचा विचार आज करू या.

प्रथम वॉरंटी म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. गाडीच्या बनावटीत किंवा मालात दोष निघाला तर तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे ते वचन होय. भाग सदोष निघाला म्हणून संपूर्ण गाडी नवी मिळत नाही. क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच सांगितले आहे. टायर, ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपर हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत बसत नाहीत. गाढी नदीला पूर आला आणि गाडीत पाणी शिरले तर ती विम्याची बाब आहे, वॉरंटीची नव्हे. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटीपेक्षा तोकडीही असू शकते. तेव्हा कोणते भाग वगळले आहेत, ती यादी आधी वाचावी.

वर्षे नव्हे, किलोमीटर मोजा

वॉरंटीवर वर्षे आणि किलोमीटर असे दोन आकडे असतात आणि त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे ती संपते. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपल्या मोटारींची मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर इतकी वाढवली. समजा, अशा गाडीला वाढीव वॉरंटी ५ वर्षे किंवा १,२०,००० किलोमीटरपर्यंत मिळते आणि तिची किंमत कर धरून २०,००० रुपये आहे. आता तीन गिऱ्हाइकांचा हिशेब पाहू.

पहिला शिलाईकाम करणारा कारागीर. त्याची गाडी महिन्याला ४०० किलोमीटर चालते. त्याला जादा २४ महिने पूर्ण मिळतात. खर्च महिना सुमारे ८३३ रुपये. पण पाच वर्षांत त्याची गाडी अवघी २४,००० किलोमीटर चाललेली असेल.

दुसरा मालाच्या खरेदीसाठी महिन्यातून २५ दिवस मस्जिद बंदरला जाणारा दुकानदार. जाऊन-येऊन ९० किलोमीटर धरले तर महिन्याला २,२५० होतात. तीन वर्षांत ८१,००० भरतात. उरलेले ३९,००० किलोमीटर सुमारे १७ महिन्यांत संपतात. खर्च महिना सुमारे १,१५० रुपये.

तिसरा कोकणात गोवा महामार्गावर फिरून माल पुरवणारा व्यापारी. त्याचे महिन्याला ४,००० किलोमीटर होतात. त्याची मूळ वॉरंटीच २५ महिन्यांत संपते आणि वाढीव वॉरंटी ३०व्या महिन्यात. म्हणजे २०,००० रुपयांत त्याला फक्त ५ महिने मिळाले. महिन्याला ४,००० रुपये पडले!

यावरून दिसेल की शोरूमने सांगितलेली 'दोन वर्षे' सर्वांना सारखी नसतात. ज्याची गाडी सर्वांत जास्त पळते, ज्याला वॉरंटीची गरज सर्वांत अधिक वाटते, त्याच्याच पदरात सर्वांत कमी पडते.

हीच रक्कम कर्जात मिळवली तर ती आणखी वाढते. १० टक्के दराने पाच वर्षांच्या हप्त्यांत २०,००० रुपयांवर सुमारे ५,५०० रुपये व्याज जाते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अशा करारातील अनिश्चितता ज्यांच्या मनाला टोचते, त्यांनी जाणकार उलमांना विचारावे. आम्ही येथे केवळ व्यवहाराची बाजू मांडत आहोत.

गॅरेजचे बिल

आमच्या परिचयाच्या एका भांडी-व्यापाऱ्याने वाढीव वॉरंटी घेतली होती. चौथ्या वर्षी एसीचा कॉम्प्रेसर गेला. कंपनीच्या वर्कशॉपने तिसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसची नोंद मागितली. ती सर्व्हिस मोहल्ल्यातील मिस्त्रीकडे झाली होती आणि बिल घेतलेच नव्हते. दावा नामंजूर झाला, कॉम्प्रेसरचा खर्च अंगावर पडला आणि वॉरंटीचे पैसेही गेले.

आमचे अनेक बंधू स्वतः मोटार मेकॅनिक आहेत, म्हणून हेही सांगितले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्यात म्हटले होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपील केले. म्हणून त्या निर्णयावर विसंबून राहू नये. वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर तिच्या मुदतीत सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करावी आणि तो खर्चही हिशेबात धरावा. मिस्त्री बंधूंनी प्रत्येक कामाचे तारीख व किलोमीटर लिहिलेले बिल द्यावे. त्यात गिऱ्हाइकाचे हित आहे आणि आपलीही पत आहे.

तक्रार कोणी करावी?

व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक कायद्याचा आधार मिळत नाही. परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आणि २०१९ च्या कायद्यातही हा अपवाद कायम आहे. अशा बंधूंनी दोन वर्षांच्या आत अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ड्रायव्हर ठेवून धंद्यात गाडी फिरवणाऱ्याची वाट मात्र अवघड आहे. त्याने कागद दुप्पट काळजीने वाचावा.

सही करण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात :

१) हा करार गाडीच्या कंपनीचा, शोरूमचा की विमा कंपनीचा?
२) किलोमीटरची मर्यादा किती?
३) माल वाहिला किंवा भाड्याने चालवली तर वॉरंटी राहते काय?
४) गाडी विकल्यास ती नव्या मालकाला मिळते काय?
५) मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी केव्हा घेता येईल आणि तेव्हा किंमत किती असेल?

बहुतेक कंपन्या ही वॉरंटी नंतरही देतात, म्हणून पहिल्याच दिवशी घाई नको. सहा महिने गाडी चालवा, किलोमीटर लिहून ठेवा. त्यानंतर वर दाखवलेला भागाकार करा. महिन्याचा आकडा परवडला आणि यादीत इंजिन, गिअरबॉक्स व महाग विजेचे भाग असले तर खुशाल घ्या. नाही तर तेवढीच रक्कम दरमहा गाडीच्या नावाने बाजूला टाका. बिघाड झाला तर ती कामी येईल आणि न झाला तर पैसा आपल्याच गल्ल्यात राहील.