थंडरबर्ड्स : दोऱ्यांवरच्या बाहुल्या आणि खाणीतली सुटका

इयत्ता : ५ वी ते ८ वी
कालावधी : दोन तासिका
साहित्य : पुठ्ठा, दोरा, खोके, तार, चिकटपट्टी



कळसूत्री बाहुली म्हटलं की आपल्याला पिंगुळीचे ठाकर कलाकार आठवतात. तीच दोऱ्यांची कला वापरून इंग्लंडमध्ये गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांनी मुलांसाठी विज्ञानकथा रचली. तिचं नाव 'थंडरबर्ड्स'. ३० सप्टेंबर १९६५ रोजी ती टीव्हीवर सुरू झाली आणि तिचे ३२ भाग निघाले. ट्रेसी कुटुंबातले पाच भाऊ अजब यंत्रं घेऊन संकटातल्या माणसांना सोडवतात, एवढीच गोष्ट.

विज्ञान कुठे आहे?

बाहुलीच्या डोक्यात विद्युतचुंबकावर चालणारी कळ असे. आधी ध्वनिमुद्रित केलेला संवाद बारीक तारांमधून त्या कळीपर्यंत पोहोचे आणि ओठ हलत. म्हणजे ज्या तारेने बाहुली लटकायची, तीच वीजही न्यायची! या बाहुल्यांना नीट चालता येत नसे, म्हणून त्यांना जास्त वेळ वाहनांत बसवलं. अडचणीतून वाट कशी निघते, हे मुलांना इथेच दाखवा.

ही गोष्ट राजूरला कशासाठी?

कारण तिचं मूळ खाणीत आहे. २४ ऑक्टोबर १९६३ रोजी पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडे इथे लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. २९ कामगार दगावले. पण दोन आठवड्यांनी, ७ नोव्हेंबरला, जमिनीतून भोक पाडून ११ जणांना जिवंत वर काढलं. छिद्र पाडायचं अवजड यंत्र दूरवरून आणावं लागलं होतं. अशी यंत्रं कायम तयार असती तर? या विचारातून अँडरसन यांना मालिका सुचली.

आपल्या देशातही असं घडलंय. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर कोळसा खाणीत पाणी शिरलं. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी पोलादी पिंजरा तयार करून घेतला, स्वतः खाली उतरले आणि ६५ जण एकेक करून वर आले. सहा जण मात्र वाचले नाहीत.

कृती

१. पुठ्ठ्याची, हातापायांना दोरे बांधलेली बाहुली करा. कोणता दोरा ओढला की काय हलतं, ते वहीत लिहायला लावा.

२. खोक्याच्या झाकणाला दोन बोटं रुंद भोक पाडा. आत पुठ्ठ्याचा छोटा माणूस ठेवा, त्याच्या डोक्याला तारेची कडी लावा. झाकण न उघडता त्याला बाहेर काढायचं. गटागटाने करू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

चर्चेचे प्रश्न

- भोक पडल्यावर आधी काय पाठवाल : हवा, पाणी, अन्न की दिवा? का?
- पहिल्यांदा कोणाला वर काढाल? हे कोणी ठरवायचं?
- मालिकेत आणि खऱ्या सुटकेत काय फरक दिसला?

एक सांभाळायची गोष्ट

आपल्या वणी भागात वर्गातल्या कुणाचे बाबा, काका, आजोबा खाणीवर असतात. म्हणून मृतांचा आकडा लपवू नका, पण रंगवूनही सांगू नका. एखादं लेकरू गप्प झालं तर त्याला बोलतं करायचा हट्ट नको. तासानंतर जवळ बसा.

पालकहो, खाणीवर काम करत असाल तर एका संध्याकाळी टोपीवरचा दिवा कशासाठी, खाली जाताना काय तपासतात, हे मुलांना सांगा. घरातलं माणूस रोज काय सांभाळून काम करतं, हे त्यांना पुस्तकातून कळणार नाही.